साहेबांच्या आधी कोण उठणार?

सोमवार, १ सप्टेंबर

आज पुन्हा कवायत! दुबईतल्या जबल अलीच्या त्या भट्टीत, वेअरहाऊसच्या दारात रांग लावून हात वर, हात खाली. जपानी कंपनी, म्हणून सगळं सगळ्यांनी मिळून! शेजारून मुनीर पुटपुटला, "ओल्गा, दापोलीत अम्मीला कळलं तर म्हणेल, पोरगा परत शाळेत घातला." मला हसू फुटलं. मोरिता-सान — आमचे मॅनेजर — गंभीरपणे म्हणाले, "वुई आर व्हेरी हॅपी टुडे." हा माणूस कधी 'आय' म्हणतच नाही. एकटा जेवला तरी 'वुई'!

मंगळवार, २

ऑफिस पाचला सुटतं. सात वाजले तरी सगळे खुर्चीत. साहेबांच्या आधी उठायचं नाही, जपानमध्ये तसंच असतं म्हणे. कोण म्हणे? पलीकडच्या टेबलावरचा सुजीत. त्याला कोणी सांगितलं? यूट्यूबने! मग शारजाच्या रस्त्यावर ट्रॅफिक जॅम. घरी आले तर लेक, एलिशा, झोपलेली.

बुधवार, ३

एलिशाची शाळेत गाण्याची स्पर्धा होती. मी पोचले तेव्हा खुर्च्या उचलत होते. "इट्स ओके, ममा. यू ऑल्वेज मिस इट." ओके म्हणे! माझा नवरा बाप्टिस्ट गाडीत नुसता रेडिओची स्टेशनं बदलत राहिला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, ४

तडक केबिनमध्ये गेले.

"सर, तुम्ही घरी कधी जाता?"

"टीम गेली की."

"टीम तुमच्यासाठीच थांबलीय, सर!"

त्यांचे कान लाल. "वुई थॉट, इंडियन टीमला उशिरापर्यंत काम आवडतं. आधी निघणं बरं दिसलं नसतं."

म्हणजे आठ महिने ते आमच्यासाठी बसलेले आणि आम्ही त्यांच्यासाठी! मला हसू आवरेना. ते नाही हसले. लॅपटॉप मिटला, बॅग उचलली आणि चक्क अरबीत म्हणाले, "यल्ला." चला!

बुधवार, १७

दोन आठवडे कसे मजेत गेले! आणि आज मेलं हे — साडेपाचला ओसाकाहून बडे साहेब न कळवता हजर. ऑफिसात चिटपाखरू नाही. वॉचमनने मुनीरला फोन केला. उद्या मीटिंग. खलास.

गुरुवार, १८

बडे साहेब म्हणाले, "वेळेवर घरी जायचं कोणी ठरवलं?"

मुनीर एसीकडे बघतोय, सुजीत बुटांकडे. व्हिसा कंपनीचा, एलिशाची शाळा इथली. तरी हात वर करणार होते — खरंच करणार होते! तेवढ्यात मोरिता-सान उभे राहिले.

"आय डिसायडेड."

आय! बडे साहेब असे बघत राहिले, जणू यांनी भर मीटिंगमध्ये शर्ट काढला. मला मात्र रडू आलं. का, कोण जाणे.

सोमवार, २२

मोरिता-साननी राजीनामा दिला. बड्या साहेबांनी ओसाकाला परत बोलावलंय, पण जाणार नाहीत. "मग करणार काय, सर?" म्हटलं. "आय डोण्ट नो!" म्हणाले आणि इतके हसले, इतके हसले — त्यांचे दात आज पहिल्यांदा दिसले.