दलालाचं उपरणं

अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

आज कापसाचा दलाल थेट सरकारी शाळेत येऊन माझ्यावर ओरडला. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून कापसाचं सोनं झालंय, पण बाजारात हा उपरण्याखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून भाव ठरवतो. ज्याचा कापूस, त्याला काहीच कळत नाही. आज माझा जुना विद्यार्थी सखाराम गाडीवर उभा राहून म्हणाला, "उपरणं काढा. भाव तोंडानं सांगा, नाही त गाडी वापस नेतो." मग सगळेच शेतकरी तसं म्हणू लागले.

"मास्तर, काय शिकवून राहिले तुमी पोराइले?"

"वाचाले अन् विचाराले."

शाळा बंद पाडतो म्हणाला. पाड म्हणावं! भ्यालो का मी? थोडा भ्यालोच. पण रागाच्या भरात तो उपरणं बाकावर विसरून गेला. उद्या फळा त्यानंच पुसणार.