ऊन दाखवलेली पावडर

१२ ऑगस्ट

समोरची सावित्रीबाई आज पुन्हा विहिरीवर सगळ्यांदेखत बोलली! "माईसाहेब, ओतलं का तुमचं अस्पताल पाण्यात? आमचे देव आंघोळ करून स्विमिंग पूलमधून आल्यासारखे वासतात!" शेजारचा भूपेंद्र फिदीफिदी हसला. हसा.

मी चौथी शिकलेली. आरोग्यवाल्यांचा कागद वाचून वाचून ब्लीचिंग पावडरचा हिशोब शिकले. दोर सोडून पाणी मोजायचं, बादलीत पावडर कालवायची, गाळ खाली बसला की वरचं निवळ विहिरीत सोडायचं, अर्धा तास कुणी पोहरा टाकायचा नाही. तीन वर्षं झाली. गल्लीत कुणाचं पोट बिघडलं नाही. चारी घरांना मीच सांगितलं — गॅस कशाला जाळता, मी आहे ना! तिघांनी ऐकलं. ही एकटी पातेलं उकळत बसते. मुद्दाम. मला दाखवायला.

१५ ऑगस्ट

डब्यातली पावडर सर्दावली, गठ्ठे झाले. सांडग्यांसारखी जुन्या लुगड्यावर गच्चीत पसरली. डाळीला दाखवतो तसं दोन दिवस चांगलं ऊन दाखवलं. भुगा कसा मोकळा झाला! आणि तो उग्र वासही पार गेला. हे आधी का नाही सुचलं?

१८ ऑगस्ट

नवी मात्रा सोडली. वास नाही! सगळे खूश. सावित्रीबाईचं तोंड बंद.

२४ ऑगस्ट

भूपेंद्रला जुलाब. त्याच्या शेजारच्या मननलाही. बाहेरची कचोरी खाल्ली असणार.

२६ ऑगस्ट

आरोहीला सलाईन लावलंय. सात वर्षांचं पोर, कालपासून उलट्या. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेत. "आजी, पाणी," म्हणते आणि दिलं की ओकते. देवा, माझी नात!

घरी येऊन दुप्पट पावडर सोडली. तेवढ्यात सावित्रीबाईची मोलकरीण विहिरीच्या कट्ट्यावर फडकी धुताना दिसली. माझा तोलच गेला. साऱ्या गल्लीसमोर म्हणाले, "वहिनीसाहेब, तुमची घाण आमची पोरं पितात! सगळ्या घरांत आजार, तुमच्याच घरात कसा नाही?"

तिने पदर खोचला. "नाही, कारण आम्ही तुमच्यावर भरोसा ठेवला नाही."

जीभ आहे की विळी!

२७ ऑगस्ट

तिची सून राजनंदिनी कळशी घेऊन आली. "सासूबाईंनी दिलंय. उकळलेलं आहे. आरोहीसाठी."

कळशी घेतली. ती वळल्यावर सगळं पाणी मोरीत ओतलं. कोमट होतं अजून. जखमेवर मीठ चोळायला पाठवलंय, मला कळत नाही का? अस्पतालात आरोहीला बाटलीचं पाणी देतोच आहोत.

२८ ऑगस्ट

आज पुन्हा कळशी. पुन्हा मोरीत.

आरोहीने दोन घास मऊ भात खाल्ला. परवा घरी सोडतील.

२९ ऑगस्ट

आरोग्य केंद्रातली स्वानंदी पाणी तपासायला आली. पोरगी गोड, माझी विद्या ऐकून नेहमी "वा माई!" म्हणते. मी तोऱ्यात पोहरा ओढून दिला. म्हटलं, आता हिच्यासमोरच त्या बाईचं पितळ उघडं पडेल. तिने नळीत थेंब टाकले. पिवळं व्हायला हवं होतं. पाण्यासारखं पाणीच राहिलं.

"औषध टाकलंच नाही का?"

"दुप्पट टाकलंय, पोरी!"

तिने डबा मागितला. हुंगला. "माई, यात काहीच नाही उरलं. नुसता चुना. ही उन्हात ठेवली होती का?"

फडकी धुणाऱ्या बाईबद्दल तिने विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, "पावसात विहिरीत काय काय उतरतं. त्याच्यासाठीच तर औषध असतं ना."

३० ऑगस्ट

सकाळी घरोघर जाऊन सांगितलं — उकळून प्या, चूक माझी. सावित्रीबाईला हे सांगायची गरज नव्हती. तरी पहिलं दार तिचंच वाजवलं. तिच्या दोन्ही कळशा घासून नेल्या होत्या, मोरीचंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. या बसा म्हणाली नाही. एक कळशी आत नेली, भरून आणली आणि माझ्या हातात दिली.

"ही तरी पोरीला पाजा."