कडक सस्पेन्शन

दीपेश,

बाबांना साईनाथच्या जीपने मुरबाडला दवाखान्यात नेतेय. भात झाकून ठेवलाय, कालवण तेवढं गरम करून घे. तुझी गाडी घेऊन मागे येऊ नको.

तुझ्या स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन बदलायचं ठरलं, तेव्हा गॅरेजवाल्याने दोन प्रकार दाखवले होते. मी म्हटलं, "मऊ असेल ते घे रे, रोजची गाडी आहे, बाबांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय." तू म्हणालास, "ताई, तुला त्यातलं काय कळत नाय." आणि गाडी जमिनीला टेकवणारं कडक घेतलंस. तेव्हापासून टोकावड्याच्या रस्त्यावर बाबा सीटची कड घट्ट धरून बसतात. तुला ते कधी दिसलं नाय.

काल स्पीडब्रेकरवर गाडी आपटली नि बाबा कळवळले. तू उतरलास आणि आधी वाकून गाडीच्या खाली बघितलंस.

रात्रभर त्यांचा डावा पाय बधीर होता. तरी सकाळी मला म्हणाले, "दीपेशला काय बोलू नको गो, हौसेनं केलंय त्यानं." त्यांच्या शब्दाबाहेर मी जात नाय. बोलले नाय, लिहून ठेवलंय.

ताई