कमी मजुरीचा भाऊ

दि. ९ मार्च

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. पत्र पोहोचलं. आईचे गुडघे दुखतात हे वाचून वाईट वाटलं. माझेही तिच्यावरच गेलेत. दिवसभर जमिनीला टेकून फरशा बसवायच्या म्हणजे दुसरं काय होणार! तुझी वहिनी म्हणते, "तुम्ही लहानपणी रांगायला लागलात ते अजून उभेच राहिला नाहीत." बाकी आम्ही ठीक.

मागच्या तिन्ही पत्रांत तू विचारलंस, "दादा, माझ्या कामाचं काय झालं?" तिन्ही वेळा मी लिहिलं, इकडे मंदी आहे, मालकाला माणूस नको. ते खोटं होतं. मालकाने डिसेंबरातच मला विचारलं होतं, "तुला भाऊबिऊ आहे का रे? तुझ्यापेक्षा कमी मजुरीत येईल असा?"

मी म्हणालो, "नाही."

कसा म्हणालो, देव जाणे. पण का म्हणालो ते मला पक्कं माहीत आहे.

मी इथे नवा आलो तेव्हा मालकाकडे एक म्हातारा मिस्त्री होता, इथलाच, वीस वर्षांचा जुना. माझं सगळं काम त्याने शिकवलेलं. बसवलेल्या फरशीवर बोटाने टकटक करायची, आवाज पोकळ आला की मुकाट्याने उचलायची. एकदा मी हुज्जत घातली तर म्हणाला, "माझ्याशी कशाला भांडतोस? तिलाच विचार." डब्यातलं अर्धं मला द्यायचा. चार महिन्यांनी मालकाने मला बाजूला घेतलं. "त्याच्यापेक्षा कमीत, एकट्याने करशील?" मला तेवढीही मजुरी डोक्यावरून पाणी वाटत होती. मी लगेच हो म्हणालो.

सोमवारी मिस्त्री आला नाही. त्याचे गुडघ्याला बांधायचे जाड पट्टे खिळ्याला तसेच लटकत होते. तेच मी आजवर बांधतोय.

बाहेरून आलेले आमची कामं खातात, असं इथे कोणी म्हणालं की मी तावातावाने भांडतो. सांगतो, आम्ही आलो म्हणून मालकाच्या एकाच्या तीन टोळ्या झाल्या, काम वाढलं. तेही खरंच आहे. पण मिस्त्री त्या तिन्ही टोळ्यांत नाही. त्याच्या पोटावर पाय मी दिला.

आणि मालकाने भाऊ विचारला तेव्हा मला तो खिळा दिसला. लहानपणी तू माझ्या ताटातलं उचलायचास तेव्हा मी हसायचो. या वेळी मी तुला घाबरलो रे. सख्ख्या भावाला.

काल राहवलं नाही. मालकाला म्हणालो, "मला भाऊ आहे. पण तो माझ्याइतक्याच मजुरीवर येईल."

तो हसला. "आणि तू कोणाइतक्या मजुरीवर आला होतास?"

मग त्याने तुझ्या कामाचा फॉर्म भरून माझ्या हातात दिला.

त्याने सही केलेला फॉर्म सोबत पाठवतोय. मजुरी माझ्यापेक्षा कमीच लिहिली आहे. यायचं की नाही ते तू ठरव. आलास तर आमची खोली तुझीच आहे. पट्टे मात्र स्वतःचे आण. हे मी रविवारी मिस्त्रीला परत द्यायला जाणार आहे. घरात घेईल की दारातूनच हाकलेल, ठाऊक नाही.

आईला हे वाचून दाखवू नकोस, खुशाली तेवढी सांग. तिला वाटू दे, तिच्या दोन्ही मुलांचं छान जमतं.

तीन महिने ज्याला भाऊ नव्हता, तो तुझा

दादा