जेवणापर्यंतचा बर्फ

१४ मे

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणून वहिनीच्या हातात फोन देतोस, म्हणून तुझ्या पत्राला पत्रानेच उत्तर देते आहे.

तुझं म्हणणं, खाणीत घालायचं मी बनवलेलं थंड जॅकेट चांगलं आहे, पण त्यातला बर्फ जेवणापर्यंत टिकत नाही. पोरं तुला चिडवतात, की बहिणीने बर्फ घालताना हात आखडता घेतला. खांद्याचा पट्टा दिव्याच्या बॅटरीत अडकायचा, तो मी बदलला आहे. बर्फाचं पुढे लिहिते.

वहिनीचा फोन आला होता. परवा तू कामावरून येऊन दारातच बसून राहिलास. बुटांच्या नाड्या सुटेनात, शेवटी तिने सोडवल्या. तू म्हणालास, ओल्या होऊन गाठ बसलीय. ती म्हणते, गाठ नव्हतीच. अंग फार तापलं की बोटं अशीच चालेनाशी होतात.

इथे माझ्या कामावर एक खोली आहे. ती आम्ही खाणीइतकी तापवतो आणि जॅकेट घातलेल्या माणसाला आत चालायला लावतो. छातीला गार लागतं म्हणून तो खुशीत असतो, गप्पा मारतो. आतून मात्र अंग तापतच असतं, फक्त सावकाश. थांब म्हटलं तर म्हणतो, अजून तासभर सहज चालेन. अगदी तुझ्यासारखा.

पहिलं जॅकेट दाखवलं तेव्हा आमचे साहेब खूश झाले. म्हणाले, “बर्फ जेवणापर्यंत टिकला, तर मधली विश्रांती कशाला हवी?” त्यानंतर मी बर्फाच्या पिशव्या लहान केल्या. मधल्या विश्रांतीच्या वेळेलाच त्यांचं पाणी होतं. मग पिशव्या बदलायला तुम्हाला खाणीतल्या गार खोलीत जावंच लागतं, आणि गेलात की बसता. तेव्हा पोरं बोलतात ते खरं आहे. मी हात आखडताच घेतला.

गेल्या आठवड्यात साहेबांनी मला बर्फ टिकत नसल्याची एक तक्रार वाचून दाखवली. खाली सही तुझी होती. “कामगारांचीच मागणी आहे,” म्हणाले. मोठ्या पिशव्यांच्या आराखड्यावर मी सही केली नाही, त्यामुळे जॅकेटचं काम आता शेजारच्या टेबलावर गेलं. मला हातमोज्यांचं काम दिलंय. तेही तसं वाईट नाही.

तुझा राग आला होता. तो फार टिकला नाही. आता नुसती भीती वाटते.

नवीन जॅकेट लवकरच येईल. जास्त जड, जास्त गार. सगळ्यांना आवडेल, तुलाही. पट्टा माझाच असेल, पण त्यावर जाऊ नकोस. मधल्या विश्रांतीची वेळ झाली की छातीवरची पिशवी दाबून बघ. बर्फ अजून कडक लागला, तरी पोरांना घेऊन गार खोलीत जाऊन बस. कोणी विचारलं तर सांग, बहिणीचं काम कच्चं आहे, बर्फ वितळला. मला चालेल.

वहिनीला हे पत्र वाचून दाखव. आणि रोज घरी येऊन बुटांच्या नाड्या तुझ्या तू सोडव. मला एवढंच हवंय.

तुझी,
हात आखडता घेणारी धाकटी