नव्वद नंबरसाठी शनिवार

२७ सप्टेंबर १९९६, शुक्रवार. शारजा

श्रीनाथने पैज लावली आहे. जिंकला तर जानेवारीत घरी!

अमेरिकेहून त्याचा शुक्रवारचा फोन नेहमीसारखा जेवणं झाल्यावर आला. मी विचारलं, कधी येतोस? तीन वर्षं हाच प्रश्न. एरवी "बघू गं आई" म्हणतो. आज म्हणाला, "ते आता नव्वद नंबरच्या हातात आहे."

नव्वद नंबर म्हणजे तिकडच्या फुटबॉलमधला एक पहिलवान. त्यांचा फुटबॉल जास्त करून हातानेच खेळतात म्हणे. एक बाजू चेंडू घेऊन घुसते, दुसरी तिला आडवी पाडते. या आडवं पाडणाऱ्यांतला वर्षाचा उत्तम कोण, ते पेपरवाले मतं देऊन ठरवतात. दर वर्षी. निकाल नवीन वर्षाच्या सुरुवातीला. बक्षीस नव्वद नंबरला मिळालं, तर श्रीनाथच्या खोलीतला तेलुगू मित्र तिकीट काढून देणार. नाही मिळालं तर श्रीनाथ वर्षभर त्याची भांडी घासणार.

घरी कधी चहाचा कप विसळला नाही याने.

२८ सप्टेंबर, शनिवार

आजपासून शनिवार धरले. बळाचं काम, तेव्हा मारुतीच. संकल्पाला नाव-गोत्र लागतं. नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून नव्वद नंबर म्हटलं. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात — तेच म्हटलं. हे दारात उभे राहून ऐकत होते. "मुंजीचं आमंत्रण नाही आलं आपल्याला," म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

८ ऑक्टोबर

खेळाच्या पानावर अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत तिकडचे निकाल येतात. माझं मॅट्रिकचं इंग्रजी. बोट ठेवून वाचलं. बरीच नावं आहेत, त्याचं नाही. उर्वीला विचारलं. पुस्तकातून मान वर न करता म्हणते, "मम्मी, दे ओन्ली प्रिंट हू स्कोअर्ड. डिफेन्सवाल्यांचं नाव नाही येत."

मग ठीक. दूध उतू गेलं की साऱ्या घराला वास येतो, जाऊ दिलं नाही तर कोण विचारतं. नाव नाही म्हणजे त्याचं काम चोख चाललं आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार

समोरची मैमुनाबी वाटीभर खिमा घेऊन आली. रत्नागिरीकडची, बोलायला मोकळी. आमच्याकडे चालत नाही हे दर वेळी विसरते. "आणि आज उपास कुणाचा?" म्हणाली. सगळं सांगितलं. दाराला धरून हसली. "नवऱ्यासाठी नाही, पोरासाठी नाही, त्या गोऱ्या रेड्यासाठी?" मग डोळे पुसून म्हणाली, "मी पण दुवा मागते. रेडा कुणाचा का असेना, पोरगा आपला यायला पाहिजे."

१० नोव्हेंबर, रविवार

लक्ष्मीपूजन. हे जबल अलीहून, कामावरून येताना रस्त्यात अडकले, पूजेला उशीर. आज मीच श्रीनाथला फोन लावला. मी खेळाचंच काढलं, म्हणजे तो बोलेल. "नव्वद नंबर कसा खेळतोय रे?" तो म्हणाला, "कोण? — हां. मस्त, आई."

आवाज खोल गेला आहे. तिकडे थंडी फार असेल.

१२ नोव्हेंबर

भाऊबीज. उर्वीने यंदाही गॅलरीतून चंद्राला ओवाळलं. "लास्ट टाइम, ओके?" म्हणाली.

२ डिसेंबर, सोमवार

इथला राष्ट्रीय दिन. यांच्या कंपनीने सगळ्या कुटुंबांना बागेत जेवायला बोलावलं होतं. यांच्या गोदामातला मिस्टर डेव्ह तिथे भेटला. अमेरिकन, लालबुंद, प्लेटमध्ये चार समोसे. वाक्य मनात जुळवून गेले. "सर, नंबर नाइन्टी विल विन बेस्ट डिफेन्स प्राइज?"

आधी त्याला कळेना. नाव कसंबसं सांगितल्यावर इतका खूश झाला की समोसा ठेवलाच खाली. म्हणाला, मॅडम, माणूस तुम्ही लाखातला निवडलात, पण त्याचा गुडघा गेला. दुसऱ्याच मॅचला. ऑपरेशन झालं, या वर्षी पुन्हा मैदानात नाही. "फिनिश. खलास." मी विचारलं, दुसरी मॅच कधी होती? तो म्हणाला, सप्टेंबरच्या सुरुवातीला.

आणि पैज लागली सप्टेंबरच्या शेवटी.

श्रीनाथला त्या खेळातलं बारीकसारीक पाठ. हे एवढंच ठाऊक नसेल? हिरवळीवर बसले. हरता यावं म्हणून लावलेली पैज. पेपरात नाव का नव्हतं तेही आज कळलं. मी आपली समजत होते, तो अडवतो आहे.

बसमध्ये यांनी विचारलं, "डेव्हशी कसल्या गप्पा?" म्हटलं, समोशांच्या.

७ डिसेंबर, शनिवार

उपास केला. देवापुढे हात जोडले, संकल्प काय म्हणावा सुचेना. नुसतं श्रीनाथ म्हटलं. त्याचं गोत्र ठाऊक आहे, तेही म्हटलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

फोन आला नाही.

३ जानेवारी १९९७, शुक्रवार

फोन आला. "आई, हरलो गं. दुसऱ्यालाच मिळालं."

ठरवलं होतं, बोलायचं नाही. तोंडातून निघालंच. "तो सप्टेंबरपासून खेळतच नाहीये ना रे?"

तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?" आणि मग सगळंच बोलला. कॉलेज मागच्या वर्षीच अर्धवट सुटलं. एका मोटेलमध्ये काम करतो, चादरी बदलतो. तिथे राहण्याच्या कागदांची मुदत संपली आहे. तिथून निघाला तर पुन्हा आत घेणार नाहीत, आणि इथे यांच्या व्हिसावर तो आता बसत नाही, वय गेलं. म्हटलं, मग गावी ये, काका आहेत. म्हणाला, "काय घेऊन येऊ? बाबांनी फंडातले पैसे काढून पाठवले होते."

मी विचारलं, मग ते पैजेचं सोंग कशाला?

"तू दर शुक्रवारी विचारतेस. दर शुक्रवारी तुला नाही म्हणवत नाही गं. म्हटलं, एकदा त्या नव्वद नंबरला म्हणू दे."

हे समोर पेपर धरून बसले होते. एकदाही पान उलटलं नाही. फोन ठेवल्यावर म्हणाले, "काय म्हणतो?" मी म्हटलं, पैज हरला. "मग घास म्हणावं भांडी," म्हणाले आणि बाथरूममध्ये गेले. नळ सोडला. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

४ जानेवारी, शनिवार

उद्यापन करणार नाही. शनिवार चालू ठेवते.

१० जानेवारी, शुक्रवार

श्रीनाथचा फोन. आमटी, थंडी, उर्वीची परीक्षा, असंच बोललो. कधी येतोस, हे मी विचारलं नाही. मनाशी पक्कं केलं होतं, आता त्याला पेचात घालायचं नाही. बरं, ठेवते, म्हटलं.

तो म्हणाला, "आई, आज विचारलं नाहीस?"