एका नावापुढे एकच खूण

४ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! सकाळचा चहा घरी घेतला आणि दुपारच्या जेवणाला इथे हजर. तिकडच्या सूर्याचा आजचा उजेड इथे यायला अकरा वर्षं लागतील म्हणे. मी त्याच्या आधी येऊन, बॅग उघडून, पाय पसरून बसलेसुद्धा. जहाजाने एकच झेप घेतली आणि मधलं सगळं अंतर मागे पडलं.

खोली दुसऱ्या मजल्यावर, लहान पण लख्ख. लोखंडी कॉट, टेबल, आणि खिडकीतून थेट बंदराचा धक्का दिसतो. घरमालकीण शाळेत शिकवते. सगळी गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणते, मीही तेच सुरू केलं. तिचा नवरा दोन महिन्यांपूर्वी आघाडीवरून परत आलाय. नवराबायकोचं जेवण माझ्याच भिंतीपलीकडे होतं, आणि बोलण्याचा आवाज फक्त बाईंचा. त्यात नवल काय, आमच्याकडेही तेच होतं.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ही नोकरी का धरली, असं बहिणीने दहादा विचारलं. कारण सरळ आहे. लढाईवरची माणसं याच बंदरात उतरतात आणि माझा लेक याच महिन्यात सुटीवर येतोय. तीन वर्षांनी. त्याला सगळ्यांत आधी मी बघणार.

६ तारीख, बुधवार

काम शिकले. धक्क्याच्या टोकाला पिवळा पट्टा आखलाय, तिथे माझं टेबल. जहाज लागलं की माणूस पट्ट्यावर येतो, नाव सांगतो, मी यादीत त्याच्या नावापुढच्या चौकोनात खूण करते, मनगटावर शिक्का मारते आणि हातातला माणसं मोजायचा खटका दाबते. शिक्का असेल तर फाटकावरचे शिपाई सोडतात. शाळेच्या कचेरीत मी वीस वर्षं हजेऱ्या भरल्या. हे म्हणजे डाव्या हाताचा मळ.

हेडक्लार्क चांगले आहेत, फक्त बोलायला लागले की थांबत नाहीत. जेवताना त्यांनी एक गोष्ट अगदी सहज सांगितली. माणूस स्वतःच्या उजेडाच्या आधी पोचायला लागला की कधी कधी एखादा दोनदा पोचतो. तोच चेहरा, तोच आवाज, त्याच आठवणी. खरा कोण ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी विचारलं, मग हो? ते म्हणाले, मग काय, यादीत एका नावापुढे चौकोन एकच. जो आधी पट्ट्यावर आला तो माणूस. मागून येतो तो जादा. जादाला त्याच जहाजात परत चढवायचं, पुढच्या झेपेत तो आपोआप विरून जातो. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच समजा, असं म्हणून स्वतःच हसले.

११ तारीख, सोमवार

आज पाहिलं. तोफखान्यातला एक जण तिसऱ्या नंबरवर आला. नाव सांगितलं, हात पुढे केला, शिक्का घेतला, गेला. एकोणचाळिसावा आला तोही तोच.

त्याने आधी विचारलं, बायको सुटली का, मुलगा की मुलगी. मग यादीवरची खूण पाहिली. त्याला ओढत नेलं तेव्हा तो मलाच हाका मारत होता. ताई, ताई. संडासात जाऊन रडले. हेडक्लार्क म्हणाले, पहिल्या वेळी सगळेच रडतात, आधीचा कारकून तर आठवडाभर जेवला नव्हता.

१३ तारीख, बुधवार

दोन दिवस एकच विचार. माझा लेक कधी कुठे आधी पोचलाच नाही. दार उघडून धरेल, दुसऱ्याचं सामान उचलेल, आधी तुम्ही, आधी तुम्ही करत सगळ्यांच्या मागे राहील. शाळेत प्रसंगी डबा खायची सुटी संपायची, पण हा नळावर रांगेत मागेच. ही सवय मीच लावली, आणि लोकांनी कौतुक केलं की माझी मान ताठ व्हायची.

तो दोनदा पोचला तर?

आजच्या टपालजहाजाने पत्र धाडलं. खरं कारण लिहिता येत नाही, पत्रं फोडून वाचतात. एवढंच लिहिलं की बाळा, या खेपेला आईचं ऐक. उतरताना कोणाला वाट देऊ नकोस. धक्काबुक्की कर, पण पहिला उतर. पत्र पेटीत पडलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

१७ तारीख, रविवार

सुटी. मास्तरीणबाईंशी भाजी निवडत गप्पा. नवऱ्याबद्दल विचारलं तर त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, माणूस सगळं बरोबर सांगतो हो. लग्नाची तारीख, माझ्या आजारपणातली औषधं, सगळं. पण विचारत काहीच नाही. त्याची आई तो नसताना गेली. अजून एका शब्दाने विचारलं नाही की ती कुठे आहे.

मी सहज विचारलं, ते दोनदा पोचले होते का. बाई म्हणाल्या, हो. पण हे पहिले होते ना, मग काळजी नाही.

२१ तारीख, गुरुवार

आज जोडी आली ती एका नर्सबाईची. पहिली आली तीच दोघांना बाजूला लोटून. माझ्याकडे पाहिलंही नाही. दुसरी स्ट्रेचर धरून शेवटी आली आणि मला म्हणाली, दिवसभर उभ्या आहात, पाय दुखत असतील.

जुन्या याद्या काढून बसले. वर्षभरात एकतीस जोड्या. पहिला नेहमी पहिल्या पाचांत. एकतीसच्या एकतीस वेळा. हेडक्लार्कना दाखवलं तर म्हणाले, घरची ओढ असते, पळणारच.

घरची ओढ असलेला माणूस घरचं काहीतरी विचारेल की नाही?

२२ तारीख, शुक्रवार

मनाचे खेळ असतील. झोप नाही. आता दुसरं पत्र लिहून उपयोग नाही, त्याचं जहाज निघायच्या आत इथून टपाल जात नाही.

मी त्याला काय लिहून बसले! तो मागे राहतो, हीच एक खूण होती ओळखायची, ती माझ्या हाताने—

त्याच्या जहाजाच्या यादीत त्रेसष्ट नावं, त्यांत जोडी एखादीच. त्याचीच कशाला असेल. नसेल. नाही.

२५ तारीख, सोमवार

आला. सगळ्यांत पहिला. कुबडीवरच्या एका माणसाला कोपराने ढकलून माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, तुझं पत्र मिळालं, म्हणून पहिला आलो. मी शिक्का मारला. माझ्या हाताने. आनंदाने मला यादी दिसेना. त्याला म्हटलं घरी जा, किल्ली घे, मी येतेच.

मग पुढचे मोजत राहिले. दहा, वीस, चाळीस. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. त्रेसष्ट झाले. खटका टेबलावर ठेवला, आणि जहाजाच्या दारात अजून एक उभा. एका हातात स्वतःची पिशवी, दुसऱ्या हातात त्या कुबडीवाल्याची.

तो हसला. म्हणाला, आई, पत्र मिळालं, पण त्या बिचाऱ्याला पायरी उतरवत नव्हती, त्याला कसा मागे टाकू. मग म्हणाला, किती वाळलीस गं. मावशीचा गुडघा कसा आहे?

हेडक्लार्कनी यादी त्याच्यापुढे धरली. त्याने खूण पाहिली, माझ्याकडे पाहिलं. त्याला समजलं. म्हणाला, तू घाबरू नकोस, तुला त्रास नको, मी बसतो वर जाऊन. जहाजात चढायच्या फळीशी पोचल्यावर शिपायांना म्हणाला, आधी तुम्ही.

शिक्का माझ्या हातात होता. हात उचलला नाही. हात उचलला नाही माझा.

२६ तारीख, मंगळवार

घरात बसलाय. मी सगळं विचारलं. कपाळावरची खोक कशाने, वडिलांचा आवाज कसा होता, सगळं बरोबर. दिवसभर मी विचारतेय, तो सांगतोय. त्याने एक प्रश्न विचारला नाही.

नाही, एक विचारला. जहाज सुटलं का.

२७ तारीख, बुधवार, सकाळ

जहाज उद्या एक वाजता सुटणार. माझा लेक त्यात आहे. कोंडलेला. शिक्का पिशवीत घालून घरी आणलाय. उद्या साडेबाराला शिपाई जेवायला बदलतात. त्याच्या मनगटावर शिक्का मारला की कोणी अडवणार नाही. यादीत नावापुढे दुसरी खूण करेन. चौकोनाबाहेर करेन. काय करायचं ते करा माझं.

२८ तारीख, गुरुवार

बारा दहा. उठले की तो उठतो. म्हणून लिहीत बसल्याचं नाटक करतेय. धक्क्यावर इंधनाच्या नळ्या काढायला लागलेत.

बारा वीस. पाणी आणते म्हणून निघाले. तो दारात येऊन उभा राहिला. मी मास्तरीणबाईंना हाक मारली. जिन्यात त्यांचा नवरा उभा आहे. बाईंचा आवाज नाही.

पिशवी घेतली. शिक्का आहे. बारा सत्तावीस. पोचता येईल, पळाले तर— गोड बोलून पाहिलं. हात जोडले. म्हटलं, तू राहा रे बाबा, तुला कोण घालवतंय, दोघं राहा, दोघांचं करीन मी, फक्त त्याला आणू दे

पहिला भोंगा झाला.

वही हातातच आहे. म्हटलं, बाजूला हो. बाळा, वाट दे मला. तो जागचा—